कोरिऑलिस बलाचा विचार करावा लागेल

प्रिय मावशी,

मी मूळचा साताऱ्याचा, वय ३१. पुलांच्या डिझाइनचं काम करतो आणि दोन वर्षांपासून नोकरीसाठी इंग्लंडात लीड्सला आहे. शाळेपासून विज्ञानकथांचं वेड. इथे विज्ञानकथावाल्यांचा एक कट्टा महिन्यातून एकदा पबमध्ये जमतो हे कळल्यावर मी उड्या मारत गेलो. वाटलं, मनासारखं बोलायला माणसं मिळाली. पण ही मंडळी कृष्णविवरांबद्दल बोलतच नाहीत! एकदा अख्खी संध्याकाळ त्यांनी एकाच विषयावर घालवली: गोल फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात पोस्टमननं घरोघरी पत्रं कशी फेकावीत. सगळ्यांचे चेहरे एकदम गंभीर. मी मध्येच म्हणालो, "यात कोरिऑलिस बलाचा विचार करावा लागेल." (गोल फिरणाऱ्या जागेत फेकलेली वस्तू बाजूला वळल्यासारखी दिसते, ते हे बल.) क्षणभर शांतता, आणि मग सगळे टेबल बडवून हसले. तेव्हापासून कुणाचा ग्लास सांडो, कुणाची बस चुको, कुणीतरी मान डोलावत म्हणतंच, "कोरिऑलिस बलाचा विचार करावा लागेल." त्यांचं एक घरगुती मासिक निघतं. त्याच्या मागच्या पानावर माझं हे वाक्य माझ्या नावासकट छापलंय, आणखी सहा-सात जणांच्या वाक्यांबरोबर. बायको म्हणते, "तुझी खेचतायत. जाऊ नकोस."

त्याच मासिकाला मी विज्ञानकथेतल्या विज्ञानावर नऊ पानांचा लेख दिला होता. संपादकबाईंनी तो परत पाठवला. सोबत चिठ्ठी: "अभ्यास छान आहे, पण यात तू कुठे आहेस? थोडा वेडेपणा घालता येईल का?" मावशी, मला विनोद जमत नाही. आमच्या घरी 'फालतू बडबड नको' असाच शिरस्ता होता. चार विनोद पाठ करून जावं का? की जाणंच सोडावं? (मला अरे-तुरेच करा.)

— एक गंभीर माणूस, लीड्स

*

गंभीर माणसा,

जाणं सोडू नकोस. आणि विनोद पाठ करून तर मुळीच जाऊ नकोस. लग्नाच्या पंगतीत घरून डबा नेऊन बसलास तर जसं दिसेल, तसं दिसेल ते.

आधी तुझ्या बायकोचं म्हणणं घेऊ, कारण तिची शंका रास्त आहे. आपल्याकडे कट्ट्यावर चार टाळकी जमली की एक बकरा लागतो. कुणाचं टक्कल, कुणाचा सासरा, कुणाचं कॉलेजातलं फसलेलं प्रकरण. साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खात बसणारी तुमची टोळकी आठव. त्या सवयीनं तुम्ही दोघांनी सरळ हिशेब केलात: बोललो मी, हसले सगळे, म्हणजे बकरा मीच. पण या लोकांची रीत वेगळी आहे. इथे बकरा होते ती कल्पना. पोस्टमनची कल्पना कुणीतरी टेबलावर आणून ठेवली, दुसऱ्यानं तिला पाय लावले, तिसऱ्यानं शेपूट चिकटवलं, आणि तू येऊन तिला चक्क भौतिकशास्त्राची शिकवणी लावलीस! येडपटपणाची इतक्या कळकळीनं काळजी वाहणारा माणूस त्यांना आयता मिळाला. मग टेबल बडवणार नाहीत तर काय करतील?

मागच्या पानाचं म्हणशील, तर तो मान आहे आणि त्यालाही परंपरा आहे. बेलफास्टहून १९५२ पासून 'हायफन' नावाचं एक फॅनझिन निघायचं. फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी पदरमोड करून, घरच्या घरी छापून आपसात वाटलेलं मासिक. विकायचं नसतंच, तुम्ही पत्र लिहा, तुमचं फॅनझिन बदल्यात पाठवा किंवा संपादकाला लहर येऊ द्या, की मिळतो अंक. 'लहर' हे मी माझ्या पदरचं घातलेलं नाही, अंक मिळवायच्या अटींत ती अट खरोखरच छापलेली असते. तर या 'हायफन'च्या मागच्या कव्हरवर नुसती वाक्यं असत. कुणाच्या पत्रातलं एक, कुणी गप्पांत बोललेलं एक, आगापिछा तोडून, एकाखाली एक. कोण, कधी, कशावरून बोललं याचा खुलासा नाही. ही रीत पुढे इतरांनीही उचलली. तुझ्या संपादकबाई त्याच पायवाटेनं चालल्यायत. आणि तुझ्या शेजारी आणखी सहा-सात जण आहेत ना? त्या सगळ्यांना वाळीत टाकलं तर बाईंच्या कट्ट्यावर उरणार कोण?

बेलफास्टच्या त्या मंडळींवर मी जरा रेंगाळणार आहे. जुनी फॅनझिनं वाचायचा मला नाद आहे आणि त्या सगळ्यांत ही माणसं मला घरच्यासारखी वाटतात. 'हायफन' काढणारा वॉल्ट विलिस दिवसा सरकारी खात्यात नोकरी करायचा. त्याच्या घरी जमणारे बॉब शॉ आणि जेम्स व्हाइट हे दोघे पुढे विज्ञानकथालेखक म्हणून नावारूपाला आले. विलिस आणि शॉ प्रॉटेस्टंट, व्हाइट कॅथलिक. या दोन पंथांत हाडवैर असलेल्या बेलफास्टसारख्या शहरात ही किती मोठी गोष्ट आहे ते तुला तिकडे राहून कळलं असेलच. पण त्यांच्या लिखाणात याची भाषणं नाहीत. त्यांनी काय केलं? माळ्यावर एक खेळ काढला. शटलकॉक बॅडमिंटनचं, बॅटऐवजी हातात पुठ्ठ्याचे तुकडे, आणि नियम असे की नसल्यासारखेच. खेळाला नाव 'घूडमिंटन'. त्यातला 'घ' आला अमेरिकेतल्या 'घू' नावाच्या देवावरून. तिकडच्या पोरांनी १९३०च्या दशकात थट्टेनं एक धर्म स्थापला होता, त्याचा हा देव. मग त्याला प्रतिस्पर्धी म्हणून दुसऱ्या टोळीनं 'फूफू' नावाचा देव उभा केला. आता गंमत बघ: एका समुद्रापलीकडच्या खोट्या देवाचं एक अक्षर बेलफास्टच्या माळ्यावरच्या पुठ्ठ्याच्या खेळाला येऊन चिकटलं. यांचा विनोद असाच चालतो. कुणीतरी विटेवर वीट ठेवतो आणि पहिली वीट कुणाची होती ते हळूहळू विसरलं जातं.

आणि त्या लिखाणाची ओढ किती होती बघ. विलिसला शिकागोच्या १९५२च्या विज्ञानकथा संमेलनाला नेण्यासाठी अमेरिकेतल्या चाहत्यांनी वर्गणी काढली. ज्याला यांच्यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलं नव्हतं, ज्याच्याशी सगळी ओळख कागदावरची, त्याच्यासाठी तिकिटाचे पैसे! संपादकबाईंनी तुला विचारलं ना, "यात तू कुठे आहेस?" त्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. ही माणसं हजारो मैलांवर विखुरलेली. वर्षात एखादं संमेलन, एरवी फक्त टपाल. अशा वेळी रॉकेटच्या इंधनावर कुणी बिनचूक लेख लिहिला तर इंधन कळतं, माणूस कळत नाही. माणूस कळतो तो त्याच्या लहरींतून. म्हणून स्टेन्सिल कापताना दोन लेखांच्या मध्ये ओळभर जागा उरली तरी तिथे वरखाली दोन रेघा मारून एखादं आगाऊ वाक्य घुसवून देत. कागद महाग, शाई हाताला लागलेली, आणि तरी त्या एका ओळीसाठी डोकं खाजवत बसायचं.

विलिस आणि शॉनं मिळून १९५४ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं: परिपूर्ण फॅनझिन काढण्यासाठी जादूच्या सायक्लोस्टाइल यंत्राच्या शोधात निघालेल्या एका भोळ्या तरुणाची यात्रा. साचा घेतला जॉन बनयनच्या धार्मिक रूपककथेचा. (तीच कथा, जी हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' म्हणून मराठीत आणली. म्हणजे आपल्या पणजोबांच्याही आधीच्या लोकांना हा साचा ठाऊक होता.) यात्रेकरूची निष्ठा खरी, वाटेतल्या अडचणी खऱ्या, आणि ध्येय काय, तर एक छपाईचं यंत्र. पुस्तकभर कुठेही लेखक वाचकाला डोळा मारत नाहीत. ते वाचून संपवल्यावर मला हसूही आलं होतं आणि त्या पोराला यंत्र मिळावं असंही मनापासून वाटलं होतं. दोन्ही एकदम. हे ज्याला साधतं त्याला मी मानते.

आता तू म्हणशील, मग विज्ञान कुठे गेलं? बाबा रे, विज्ञान कुठेही गेलेलं नाही. याच बॉब शॉनं १९६६ मध्ये अशा काचेची गोष्ट लिहिली जिच्यातून प्रकाश पार व्हायला वर्षं लागतात; म्हणजे खिडकीतून बाहेर बघितलंस तर काही वर्षांपूर्वीचा डोंगर दिसेल. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालणारी गोष्ट आहे ती. आणि हाच माणूस ब्रिटिश चाहत्यांच्या ईस्टरच्या संमेलनात दरवर्षी 'गंभीर वैज्ञानिक व्याख्यान' द्यायला उभा राहायचा आणि लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे. बर्म्युडा त्रिकोणाची हवा होती तेव्हा यानं लंडनमधल्या बर्मंडसी भागाच्या त्रिकोणाचं गूढ उकललं!

तुझंच गाव घे. १९३७च्या ३ जानेवारीला लीड्सच्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये जेमतेम वीसेक माणसं जमली. विज्ञानकथेचं पहिलं ठरवून भरवलेलं संमेलन म्हणून त्याचा दाखला देतात. त्यात एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता, पुढे विज्ञानकथालेखक म्हणून गाजलेला. बैठक अगदी ठराव-बिराव करून, गंभीरपणे पार पडली. पुढे तोच क्लार्क लंडनच्या फेटर लेनमधल्या 'व्हाइट हॉर्स' पबात दर आठवड्याला जमणाऱ्या विज्ञानकथावाल्यांत बसू लागला आणि त्या अड्ड्यावरून त्यानं १९५७ मध्ये पबातल्या थापांचं एक अख्खं पुस्तक काढलं. पबाच्या नावात 'हॉर्स'चं फक्त 'हार्ट' केलं. त्यातला गप्पिष्ट एकेक थाप अशी सोडतो की ऐकणाऱ्याला विज्ञानातली चूक दाखवता येऊ नये. म्हणजे ठराव आणि थापा, दोन्ही एकाच घराण्यातले. आपल्याकडेही याचा मासला आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरं उलटी वाच! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून नक्कल करून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, नाव उलटं करून गुपचूप स्पर्धेत उतरतो. यात कुणाचं नुकसान झालं? कुणाचंच नाही. परीक्षकांना तर आयुष्यभर सांगायला किस्सा मिळाला.

पण तुझ्यासारख्या 'मला विनोद जमत नाही'वाल्यांना मी नेहमी विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्हचं उदाहरण देते. १९४७ साली तो कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्राच्या डॉक्टरेटचे प्रयोग करत होता. कॅटेकॉल नावाचे हलके, भुसभुशीत स्फटिक पाण्यात टाकायचे. ते पृष्ठभागाला टेकता टेकता विरघळायचे. रोज तेच बघून त्याच्या मनात आलं, हे जर अजून थोडं जास्त विरघळणारं असतं, तर पाण्याला टेकायच्या आधीच विरघळलं असतं! मग त्यानं थायोटिमोलिन नावाचं रसायन कल्पिलं, जे पाणी घालण्याआधी १.१२ सेकंद विरघळतं, आणि त्यावर एक शोधनिबंध लिहिला. गोष्ट लिहिली नाही, निबंध लिहिला: तक्ते, आलेख, खाली खोट्या संशोधनपत्रिकांची यादी, आणि भाषा अशी रटाळ की प्रबंधाच्या मार्गदर्शकानं खूश व्हावं. १९४८च्या मार्चमध्ये तो विज्ञानकथांच्या 'अस्टाउंडिंग' मासिकात छापून आला. असिमॉव्हनं टोपणनाव घालायला सांगितलं होतं, कारण तोंडी परीक्षा डोक्यावर होती. छापला गेला तो खऱ्या नावानं. मेमध्ये परीक्षा झाली. प्रश्नांचा मारा सोसून हा घामाघूम, आणि शेवटी एका परीक्षकानं शांतपणे विचारलं, आता जरा थायोटिमोलिनच्या ऊष्मागतिक गुणधर्मांबद्दल सांगा. असिमॉव्हला हसू आवरेना. ज्याला नापास करायचंय त्याला असा प्रश्न कुणी विचारत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

आता यात असिमॉव्हनं विनोद कुठे केला, दाखव बरं बोट ठेवून. एकही वाक्य विनोदी नाही. एकच खोटी गोष्ट धरली आणि पुढचं सगळं प्रामाणिकपणे केलं. हे काम तुला जमणार नाही? तू पुलांची गणितं करतोस! भार कुठून कुठे जातो, कुठे किती वाकेल, हे तुझं रोजचं आहे. फक्त पुलाखाली नदीऐवजी काहीतरी भलतंच घाल.

टेबलावर बोलायचं कसं तेही सांगते, कारण तिथे वेळ कमी असतो. समजा कुणी म्हणालं, "आमच्या आत्यानं मंगळावर बंगला घेतलाय, पण धूळ फार." तुझी जीभ लगेच सळसळेल: मंगळावर माणूस श्वास घेऊ शकत नाही, हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. खरं आहे. पण आत्या मेली ना तिथेच! आणि आत्याबरोबर संध्याकाळही. त्याऐवजी बंगला मान्य कर, धूळ मान्य कर, आणि तुला जे माहीत आहे ते आत्याच्या उपयोगी पाड: "कामवाली वर्षावर ठरवली असेल तर आत्या फायद्यात आहे. मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, दिवाळीचा बोनस एकदाच." बास. एवढं बोलून ग्लास उचलायचा. पुढचं दुसरा कुणीतरी बोलेल, कामवालीच्या बाजूनं बोलला तर फारच उत्तम. एका माणसानं सलग तीन वाक्यं बोललं की ते भाषण होतं. आणि आपल्याच बोलण्यावर आधी हसायचं नाही. तुझ्या बाबतीत ती भीती नाही म्हणा.

आकडा मात्र खरा हवा. ६८७च्या जागी 'सातशे-बिशे' म्हणालास तर मजा अर्धी गेली. खोट्या बंगल्याला खरा आकडा, यातच सगळी गोम आहे. म्हणून तर तुझं कोरिऑलिस इतकं गाजलं.

त्यांचे जुने संदर्भ तुला कळत नाहीत, याचं ओझं बाळगू नकोस. कुणी ४२ म्हणालं (डग्लस ॲडम्सच्या विनोदी विज्ञानकथेतला गाजलेला आकडा) आणि सगळे हसले, की विचार, "हे कुठलं?" हे विचारणारा माणूस त्यांना हवाच असतो, कारण मग किस्सा परत सांगायला मिळतो. तू मात्र पुढच्या खेपेला स्वतःहून ४२ म्हणू नकोस. कुणाकडून तरी ऐकलेली खूण फेकून ओळख दाखवणं हा या मंडळींतला सगळ्यात कंटाळवाणा प्रकार आहे, आणि ते बहात्तराव्या वर्षीही करणारी माणसं तुला तिथे भेटतील. त्यांच्या शेजारी बसू नकोस.

आता जरा कडू. या घराण्यात सगळंच गोड नाही. अमेरिकेतला बॉब टकर हा यांच्यातला आद्य फिरकीबाज. मासिकांना तारेच्या पिना मारू नयेत म्हणून १९३०च्या दशकात यानं लांबलचक नावाची एक संस्था काढली, तर डोनाल्ड वोल्हाइम नावाच्या दुसऱ्या चाहत्यानं पिनांच्या रक्षणासाठी त्याहून लांब नावाची दुसरी. मासिकाच्या पत्रव्यवहारात तुंबळ युद्ध. इथवर मजा होती. मग १९३६ मध्ये टकर वारला असं पत्र छापून आलं. टकर ठणठणीत! लोकांनी खरोखर हळहळ केली, संपादक भडकला. अशी आवई पुढेही उठली. (तो खरा गेला २००६ मध्ये.) ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात जोन कार नावाच्या एका चाहतीचा फार बोलबाला होता. तिनं बायकांसाठी बायकांनीच काढलेल्या 'फेमिझिन'ची संपादकी केली. १९५६ मध्ये कळलं की जोन कार नावाची बाईच नाही. सँडी सँडरसन नावाचा लष्करातला सार्जंट तिच्या नावानं लिहीत होता. लोक आजही हा किस्सा चवीनं सांगतात. मला तो कधीच आवडला नाही. पुरुषांच्या गर्दीत बायकांना कुठे नव्हे ते एक आपलं पान मिळालं होतं, आणि तिथेही मिशाच निघाल्या. इथे बकरा कल्पना नव्हती, माणसं होती.

हा फरक तुझ्या कामाचा आहे. तुझ्या बायकोला सांग, ती म्हणते तसं होऊही शकतं, फक्त इथे तशी चिन्हं दिसत नाहीत. वाक्य म्हणताना ते तुझ्याकडे बघून म्हणतात की तुझ्याआड? तू नसताना पाहुण्यांना ते सांगतात तेव्हा 'आमचा इंजिनियर' म्हणतात की 'तो एक'? आणि सगळ्यात महत्त्वाचं: ते वाक्य उचलतात की तुझा उच्चार? 'कोरिऑलिस' हा शब्द तू साताऱ्याच्या वळणानं म्हणतोस म्हणून कुणी त्याची नक्कल करत असेल, तर ती परंपरा-बिरंपरा काही नाही. तो नेहमीचा परदेशी कोतेपणा. त्याला हसून साजरं करू नकोस. तिथल्या तिथे, साध्या आवाजात म्हण, "वाक्य घ्या, उच्चार राहू द्या." चांगल्या कट्ट्यावर एवढं पुरतं. नाही पुरलं तर बायकोचं ऐक.

एकदा तिलाच घेऊन जा ना. बघू दे तिला. मला तर वाटतं, तिला तुझ्या आधी जमेल.

राहिला लेख. नऊ पानं जपून ठेव, फाडू नकोस. अशा मासिकांत गंभीर लेखही छापतात, पण ओळख झाल्यावर. सध्या एकच पान लिही. विषय मी देते: 'फिरत्या अंतराळ स्थानकात अमृततुल्य चालवणाऱ्यांसाठी सूचना'. गणित तुझ्याच कोरिऑलिसचं आहे. शंभर मीटर त्रिज्येचं चाक घे. पृथ्वीइतकं वजन जाणवायला ते साधारण वीस सेकंदांत एक फेरी मारेल. आता चहावाल्यानं सवयीनं हात उंच नेऊन मीटरभरावरून चहाची धार सोडली. धार सुटली ती सरळ रेषेत गेली, तोवर खालची जमीन पुढे सरकली. धार पडणार कपाच्या मागे, फिरण्याच्या उलट दिशेला, नऊ सेंटिमीटरहून जास्त अंतरावर. कटिंगच्या ग्लासचं तोंड पाच-सहा सेंटिमीटरचं, म्हणजे थेंबही आत नाही. तीस सेंटिमीटरवरून ओतला तर दीडच सेंटिमीटर चुकतो, गिऱ्हाईक सांभाळून घेईल. आणि यातली खरी मेख: चाक हळू फिरव नाही तर जोरात, चुकायचं अंतर तेवढंच राहतं. ते ठरतं फक्त उंचीवर आणि त्रिज्येवर. माझं गणित तपासून घे, मी कॉमर्सची.

हे तू निविदेच्या भाषेत लिही. 'ग्लास परिभ्रमणाच्या विरुद्ध दिशेस ९५ मि.मी. सरकवून ठेवणे ठेकेदारावर बंधनकारक राहील.' 'उधारी चालू असताना स्थानकाचा वेग बदलल्यास हिशेबात फरक पडणार नाही, याची ग्राहकांनी नोंद घ्यावी.' अमृततुल्य म्हणजे काय ते दोन ओळींत सांग, पितळी भांडं, आल्याचा वास, समोरचं बाकडं, सगळं; तिथल्या कुणालाच ते माहीत नाही आणि तुझ्याशिवाय ते कुणी सांगू शकत नाही. संपादकबाईंनी 'तू कुठे आहेस' विचारलं ना, तू बाकड्यावर बसलेला दिसशील त्यांना. कुठेही 'हा हा' लिहू नकोस, उद्गारचिन्ह एकही नको (मी वापरते, माझं वय झालं). शेवटी गंमत समजावून सांगणारा परिच्छेद आला तर तो निर्दयपणे काप.

बाई त्यात एखादी तळटीप घुसवतील, बहुधा चहात दूध आधी की नंतर यावर. भांडायला जाऊ नकोस. पुढच्या अंकात त्या तळटिपेला तळटीप पाठव.

— मावशी